सीजेडीचा संशय आहे: नाव लिहिण्याआधी काय तपासायचं, आणि सुया-अवजारांचं काय करायचं?

तालुका_फिजिशियन

६२ वर्षांच्या बाई. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत घरचा हिशेब त्याच ठेवायच्या. आधी चालताना तोल जायला लागला, मग बोलणं तुटक झालं, आता नातवंडांची नावं आठवत नाहीत. दार आपटलं की दोन्ही हात उडतात. ताप नाही, डोक्याला मार नाही, सीटी स्कॅन नॉर्मल. एमआरआय आणि ईईजी जिल्ह्याच्या ठिकाणी होतात, बाकी नमुने बाहेर पाठवावे लागतील.

क्रॉइट्झफेल्ट-याकोबचा, म्हणजे सीजेडीचा (मेंदूतल्या प्रायॉन नावाच्या प्रथिनाची घडी चुकून होणारा, बरा न होणारा आजार), दाट संशय आहे. तपासण्या कोणत्या क्रमानं कराव्यात? पाठीतलं पाणी इथं काढलं तर सुईचं आणि ट्रेचं काय करायचं? वॉर्डातल्या नर्सेस आत जायला घाबरतायत आणि ईईजीचा तंत्रज्ञ इलेक्ट्रोड लावायला तयार नाही, त्यांना काय सांगू? घरच्यांनी पेशंटचं ताट-वाटी वेगळी केली आहे. नुसता धीर नको, नेमकं सांगा.

डिफ्युजन_न्यूरो

डॉक्टर, सीजेडी हे नाव सगळ्यात शेवटी लिहायचं. वर्षाला दहा लाखांत एक-दोन माणसांना होणारा हा आजार आहे. याच्यासारख्या दिसणाऱ्या आणि बऱ्या होणाऱ्या गोष्टी मात्र अनेक आहेत. सीजेडी ओळखायला आठवडा उशीर झाला तर पेशंटचं काही बिघडत नाही. ऑटोइम्यून एन्सेफलायटिस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर उलटते तो आजार, आठवडाभर सुटला तर बिघडतं.

रक्त आजच पाठवा: सोडियम, कॅल्शियम, साखर, अमोनिया, यकृत आणि मूत्रपिंड, बी१२, टीएसएच, अँटी-टीपीओ, एचआयव्ही, व्हीडीआरएल. घरून गोळ्यांची अख्खी पिशवी मागवा, तोंडी यादीवर जाऊ नका. लिथियम आणि बिस्मथ यांची विषबाधा झटक्यांसकट हुबेहूब सीजेडीसारखी दिसते आणि औषध थांबवलं की ओसरते. बाई बरेच दिवस नीट जेवत नसतील किंवा उलट्या होत असतील तर थायमिन शिरेतून लगेच द्या, आणि ग्लुकोज लावायचं असेल तर त्याच्या आधी द्या.

सोडियम कमी आलं तर थांबून पेशंटकडे पुन्हा बघा. एका बाजूचा चेहरा आणि त्याच बाजूचा हात क्षणभर एकदम आखडतोय का? दिवसातून पुन्हा पुन्हा? ते एलजीआय-१ अँटिबॉडीचे, म्हणजे एका ऑटोइम्यून एन्सेफलायटिसचे, झटके असतात. त्यांना मायोक्लोनस, म्हणजे सीजेडीतलं दचकून अंग उडणं, समजून सीजेडीचा शिक्का मारला जातो, आणि स्टेरॉइडनं उठून बसला असता असा माणूस हातचा जातो.

आता एमआरआय. चिठ्ठीवर नुसतं 'एमआरआय ब्रेन' लिहू नका. 'डिफ्युजन, एडीसी मॅप आणि फ्लेअर, सीजेडीची शंका' असं स्पष्ट लिहा (पहिली तीन नावं एमआरआयच्या चित्रांच्या प्रकारांची), आणि डिफ्युजन सगळ्यात आधी घ्यायला सांगा. त्याला दोनेक मिनिटंच लागतात. हा पेशंट फार वेळ स्थिर पडून राहत नाही, आणि वीस मिनिटांनी घेतलेलं डिफ्युजन हललेलं निघतं. शंका लिहिलेली नसेल तर पहिल्या रिपोर्टात हे निसटण्याची शक्यता बरीच असते, म्हणून फिल्मवर न थांबता सीडी घेऊन स्वतः बघा. मेंदूच्या वळ्यांची कड साडीच्या काठासारखी उजळ दिसते आणि तेवढीच जागा एडीसीवर काळी असते. मेंदूच्या आत खोलवरचे कॉडेट आणि पुटामेन हे भागही उजळतात. फ्लेअरपेक्षा डिफ्युजनवर उजळपणा जास्त असतो. काँट्रास्ट दिल्यावर काही चमकलं तर दुसरं निदान शोधा, सीजेडीत ते चमकत नाही.

या काठाला फसायच्या जागाही आहेत. लांबलेल्या फिटनंतर, साखर खूप उतरल्यावर, ऑक्सिजन कमी पडल्यावर असाच काठ दिसतो. अमोनिया वाढला तर मेंदूच्या वळ्यांतले इन्सुला आणि सिंग्युलेट हे भाग उजळतात. शंका राहिली तर दोन आठवड्यांनी फक्त डिफ्युजन पुन्हा करा. फिटचा उजळपणा विरतो, सीजेडीचा राहतो किंवा पसरतो.

ईईजीत साधारण सेकंदाला एक या लयीत टोकदार लहरी येतात. सुरुवातीला त्या नसतातही, म्हणून एक ईईजी कोरा आला म्हणून सोडू नका, आठवड्यानं पुन्हा काढा. यकृत बिघडल्यावरच्या ट्रायफेजिक लहरी जवळपास अशाच दिसतात. पेशंट तरुण असेल आणि लहरी दर ४ ते १० सेकंदांनी येत असतील तर गोवरानंतर काही वर्षांनी होणारा मेंदूचा आजार एसएसपीई आठवा, आपल्याकडे तो अजून संपलेला नाही. आणखी एक: लोराझेपाम दिल्यावर लहरी गेल्या म्हणजे ती फिटच होती असं धरू नका. सीजेडीच्या लहरीही लोराझेपामसारख्या बेन्झोडायझेपिननं दबतात. औषधानंतर पेशंट जागा झाला, बोलला, तरच ती फिट म्हणायची.

पाठीतलं पाणी सीजेडीत स्वच्छ असतं, पेशी नॉर्मल, प्रोटीन जेमतेम वाढलेलं. पेशी दहाच्या वर गेल्या तर संसर्ग किंवा ऑटोइम्यून आजार आधी शोधा. ऑटोइम्यून पॅनेल रक्त आणि पाणी दोन्हींतून पाठवा. १४-३-३ हे प्रथिन फक्त एवढंच सांगतं की मेंदूच्या पेशी वेगानं मरतायत. स्ट्रोक, हर्पिस, फिट या सगळ्यांत ते वाढतं, त्यावर एकट्यावर निदान टेकवू नका.

खरी कामाची तपासणी म्हणजे आरटी-क्विक. प्रयोगशाळेत बनवलेलं सरळ घडीचं प्रायॉन प्रथिन घेतात, त्यात पेशंटचं पाणी टाकतात आणि तासन् तास हलवत ठेवतात. पाण्यात चुकीच्या घडीचं बीज असेल तर त्याच्या संगतीनं सरळ प्रथिनही तशीच घडी घालायला लागतं, गोळा होतं, आणि आतला थायोफ्लेविन नावाचा रंग चमकतो. सीजेडी असेल तर ९२ ते ९५ टक्के वेळा ती पकडते, आणि नसताना 'आहे' असं जवळपास कधी सांगत नाही. पण नमुन्यात रक्त मिसळलं तर निकाल बिघडतो. पहिलं २ मिली पाणी नेहमीच्या तपासण्यांना वापरा, आरटी-क्विकसाठी नंतरचं १ ते २ मिली पॉलिप्रोपिलिनच्या ट्यूबमध्ये घ्या, लगेच गोठवा आणि कोरड्या बर्फात पाठवा. ही तपासणी मोजक्या ठिकाणी होते, म्हणून सुई टोचण्याआधी प्रयोगशाळेला फोन करून त्यांची ट्यूब, तापमान आणि फॉर्म विचारून घ्या.

सगळे नमुने निघाले आणि संसर्ग नाही असं दिसलं की रिपोर्टची वाट न बघता मिथाइलप्रेडनिसोलोन रोज १ ग्रॅम, तीन ते पाच दिवस देऊन बघा. आधी स्टेरॉइड आणि मग नमुने असा उलटा क्रम मात्र करू नका. मेंदूतला लिम्फोमा हा कर्करोग असेल तर तो त्यात दबून जातो आणि बायोप्सीतही हाती लागत नाही.

सीएसएसडी_इनचार्ज

सुया आणि अवजारांबद्दल लिहिते.

भीती चुकीच्या जागी बसली आहे. लाळ, घाम, अश्रू, लघवी, शौच यांतून हा आजार पसरल्याचा पुरावा नाही. जोखीम मेंदू, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आणि डोळ्याच्या मागच्या भागात आहे. पाठीतल्या पाण्यात ती कमी आहे, पण आहे. म्हणून खोलीच्या दारावर लाल पाटी नको, काळजी ट्रेमध्ये घ्यायची.

पाठीतलं पाणी काढताना सगळं एकदाच वापरून टाकायचं घ्या: सुई, ड्रेप, गाऊन, ट्रेसुद्धा. आपल्याकडचा खड्डा पुढे आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत सुया पांढऱ्या डब्यात जातात, आणि तो डबा जाळत नाहीत. त्याला ऑटोक्लेव्ह करून तुकडे करतात. नेहमीचं ऑटोक्लेव्ह प्रायॉनला पुरत नाही. त्यामुळे ही सुई वेगळ्या, न टोचणाऱ्या डब्यात बंद करा, वर 'फक्त जाळण्यासाठी' असं लिहा आणि कचरा उचलणाऱ्या संस्थेशी आधीच बोलून ती भट्टीतच जाईल याची लेखी खात्री घ्या. बाकी सामान पिवळ्या पिशवीत जाऊ द्या.

बायोप्सी किंवा मेंदूची शस्त्रक्रिया झालीच, तर अवजारं वाळू देऊ नका. रक्त-मांस स्टीलवर एकदा सुकलं की त्याखालचं प्रायॉन कशालाही दाद देत नाही. ओल्या कपड्यात, झाकणाच्या डब्यात ठेवा. फॉर्मेलिन, ग्लुटराल्डिहाइड आणि स्पिरिट यांतलं काहीही लावायचं नाही. ते जंतू मारतात, पण प्रथिन पक्कं करून ठेवतात, म्हणजे निर्जंतुक करायच्या नादात आपणच ते चिकटवून बसतो.

जागतिक आरोग्य संघटनेची १९९९ ची पद्धत अशी. कॉस्टिक सोडा ४० ग्रॅम घेऊन पाण्यात एक लिटर द्रावण करायचं, म्हणजे १ नॉर्मल होतं. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर नाही, कारण उकळून अंगावर उडतं. भांडं स्टीलचं किंवा पॉलिप्रोपिलिनचं घ्या, ॲल्युमिनियम चालत नाही, ते खातं. द्रावण त्याच दिवशी करा, उघडं राहिलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून कमजोर होतं. अवजारं त्यात एक तास पूर्ण बुडवा, काढून पाण्यानं धुवा, उघड्या ट्रेमध्ये ठेवून १२१ अंशांवर एक तास ऑटोक्लेव्ह करा, आणि त्यानंतर नेहमीची धुलाई व निर्जंतुकीकरण. व्हॅक्यूमवाल्या यंत्रात १३४ अंशांवर १८ मिनिटं हा पर्यायही त्यात आहे, पण मेंदूला लागलेल्या अवजारांसाठी मी सोड्याशिवाय नुसत्या वाफेवर विसंबणार नाही.

सोडा नसेल तर २ टक्के हायपोक्लोराइट, म्हणजे २०,००० पीपीएम, एक तास. वॉर्डात रोजचं असतं ते १ टक्का, ते इथं अपुरं. कॅनवर ५ टक्के असेल तर २ भाग द्रव आणि ३ भाग पाणी. १० टक्के असेल तर १ भाग द्रव, ४ भाग पाणी. कॅनची तारीख बघा, उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत त्याचा जोर उतरतो. हायपोक्लोराइटनं स्टीलला खड्डे पडतात, म्हणून अवजारांना सोडा आणि फरशीला हायपोक्लोराइट असं आम्ही वाटून घेतो. आणि क्लोरीनमध्ये भिजलेली वस्तू न धुता ऑटोक्लेव्हमध्ये कधीही घालू नका, आत विषारी वायू होतो.

ही काळजी फुकटची नाही. १९७० च्या दशकात झ्युरिकला सीजेडीच्या पेशंटच्या मेंदूत घातलेले चांदीचे बारीक इलेक्ट्रोड स्पिरिटनं पुसून, फॉर्मेलिनच्या वाफेत ठेवून मिरगीच्या दोन तरुण पेशंटना वापरले गेले. दोघांनाही सीजेडी झाला. पुढे तोच इलेक्ट्रोड दोन वर्षांहून अधिक काळानं चिंपांझीच्या मेंदूत बसवला, तेव्हा त्या चिंपांझीलाही झाला. मध्ये तो अनेकदा साफ केलेला होता.

तालुका_फिजिशियन

पांढऱ्या डब्याचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आभार. झ्युरिकचं वाचून ईईजीचा तंत्रज्ञ आणखीच घाबरेल, त्याला काय सांगू? आणि नर्सेसना गाऊन, मास्क लागेल का? घरचे 'मॅड काऊ' म्हणतायत, या घरात मटणही क्वचित होतं.

डिफ्युजन_न्यूरो

तंत्रज्ञाला सांगा, झ्युरिकचे इलेक्ट्रोड मेंदूच्या आत गेले होते. याचे कातडीवर चिकटतात. कातडी अखंड असेल तर नेहमीसारखे साबणानं धुतले की झालं, फक्त लावताना खरवडून रक्त काढू नये. टोचायचे सुई-इलेक्ट्रोड वापरायचे नाहीत, ही एक अट.

'मॅड काऊ'चं वेगळं आहे. तो बाधित गुरांच्या मांसातून होणारा व्हेरियंट सीजेडी, १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये ओळखला गेला. तिथं १७८ माणसं गेली, बहुतेक तरुण, आणि सुरुवात उदासी, चिडचिड, अंगाला बोचणं अशी. १९८० ते १९९६ या काळात ब्रिटनमध्ये राहिलेल्यांचं रक्त अनेक देशांनी पुढे बरीच वर्षं घेतलं नाही, आपल्यातल्या तिकडच्या लोकांना हे माहीत असेल. तुमच्या बाईंचं वय आणि लक्षणं स्पोरॅडिक सीजेडीची आहेत, म्हणजे शंभरातले ८५ पेशंट ज्या गटातले. त्यात खाण्याचा संबंध नाही. कुणाचं काही चुकलेलं नसतं, प्रथिनाची घडी आपोआप मोडते. घरच्यांना हे पहिल्याच भेटीत सांगा, कारण 'आम्ही काय खायला घातलं' हा प्रश्न ते मनात ठेवतात, विचारत नाहीत.

पॅलिएटिव्ह_सिस्टर

नर्सिंगला नेहमीचे हातमोजे पुरेत. रक्त काढताना, तोंडातलं ओढताना इतर पेशंटला जे घालतो तेच. मास्क-गाऊनची वेगळी गरज नाही. चादरी नेहमीच्या धुलाईत जाऊ द्या. ताट-वाटी वेगळी ठेवायचं काही कारण नाही, हे घरच्यांना सांगून थांबू नका. तुमच्यासमोर मुलीला आईला भरवायला बसवा. डॉक्टरांनी स्वतः पेशंटचा हात हातात घेतलेला दिसला की घरातली अर्धी भीती जाते.

आता रोजचं. निदान पक्कं झालं की बहुतेकांना काही महिनेच मिळतात. मधला आकडा साधारण पाच महिन्यांचा, आणि दहातले नऊ जण वर्षाच्या आत जातात. म्हणून जे शिकवायचं ते पहिल्या आठवड्यात शिकवा.

दचकणं आवाजानं आणि अचानक स्पर्शानं वाढतं. टीव्ही बंद, दाराला कापडाची गुंडाळी, कुकरची शिट्टी होते त्या खोलीपासून पलंग लांब. मागून हात लावायचा नाही. आधी समोर येऊन नाव घ्यायचं, मग खांद्यावर हात. क्लोनाझेपाम रात्री ०.२५ ते ०.५ मिलीग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. त्यानं सुस्ती फार आली तर लेव्हेटिरासेटाम. भ्रम आणि घाबरणं असेल तर क्वेटियापिन अगदी थोडं, १२.५ मिलीग्रॅम. हॅलोपेरिडॉल शक्यतो टाळा, अंग आखडलेलं असतं ते आणखी आखडतं.

गिळणं बिघडतं तेव्हा सगळ्यात आधी साध्या पाण्यानं ठसका लागतो, भातानं नंतर. म्हणून पातळ पाणी आणि ताक बंद करून नाचणीच्या सत्त्वाची दाट खीर, मऊ भात, घट्ट पेज. चमचा उथळ, घास लहान, पेशंट पूर्ण बसलेला, हनुवटी थोडी खाली. घास गिळल्यावर तोंड उघडायला सांगून आत उरलंय का ते बघायचं. जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. खाताना आवाज घोगरा, ओला यायला लागला तर ते थांबायचं चिन्ह.

नाकातून नळी घालायची का, हे गिळणं पूर्ण बंद व्हायच्या आधी ठरवा. नळीनं ठसका टळेलच असं नाही आणि आजार थांबत नाही. काही घरं नळी घेतात, काही नाही, दोन्ही निर्णय प्रेमानंच घेतलेले असतात. पण रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत घाईघाईनं घातलेली नळी कुणाच्याच मनासारखी नसते. पुढच्या टप्प्यात डोळे उघडे असतात, पण बोलणं नाही, हालचाल नाही. तेव्हा दर दोन तासांनी कूस, हवेची गादी, दिवसातून चार-सहा वेळा ओल्या बोळ्यानं तोंड, डोळ्यांत थेंब. आणि बोलत राहायचं.

काचपट्टी_न्यूरोपॅथ

तीन गोष्टी उरल्यात.

पहिली, जनुक. दहा ते पंधरा टक्के पेशंटमध्ये पीआरएनपी या प्रायॉन प्रथिनाच्या जनुकात दोष असतो, आणि घरात आधी कुणाला झालेला नसतानाही तो निघतो. ईडीटीएच्या ट्यूबमध्ये ५ मिली रक्त पुरतं. पण ते मुलांना नीट समजावून, लेखी संमती घेऊनच काढा. दोष निघाला तर प्रत्येक मुलाला तो असण्याची शक्यता निम्मी, आणि एकदा कळलं की न कळल्यासारखं करता येत नाही. लहान मुलांची तपासणी करायची नाही. मोठ्यांची, त्यांनी स्वतः मागितली आणि समुपदेशन झालं तरच. क्विनाक्रिन आणि डॉक्सिसायक्लिनच्या चाचण्यांत आयुष्य वाढलं नाही, त्यामुळे कुणी हजारो रुपयांचा कोर्स सुचवला तर घरच्यांना थांबवा. पेशी बनवतात ते प्रायॉन प्रथिनच कमी करणाऱ्या औषधांच्या माणसांवरच्या चाचण्या अलीकडे सुरू झाल्या आहेत, पण दवाखान्यात लिहून देता येईल असं औषध आज नाही.

दुसरी, मेंदू तपासणी. शंभर टक्के पक्कं निदान मेंदूच्या ऊतीवरच होतं. घरच्यांची इच्छा असेल तर बंगळूरच्या निम्हान्समध्ये मेंदू-पेढी आहे, मृत्यूच्या आधीच बोलून ठेवा. स्थानिक शवागारात साध्या करवतीनं डोकं उघडायला कधीही सांगू नका, करवतीचा धुरळा हीच मोठी जोखीम आहे. ऊती कुठंही तपासली तरी फॉर्मेलिननंतर ९६ टक्के फॉर्मिक ॲसिडमध्ये एक तास बुडवल्याशिवाय मेणात घालायची नाही. फॉर्मेलिनच्या बरणीतला मेंदूही संसर्गजन्य असतो.

तिसरी गोष्ट पेशंट जाण्याआधी फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: नेत्रदान नाही, त्वचादान नाही, अवयवदान नाही. आपल्याकडे नेत्रदानाचा फॉर्म भरलेली घरं पुष्कळ आहेत, मृत्यूनंतर तासाभरात चांगल्या मनानं डोळ्यांच्या पेढीला फोन जातो. कॉर्नियाच्या कलमातून हा आजार गेल्याची नोंद १९७४ सालची आहे. मेंदूच्या आवरणाच्या कलमातून तर एकट्या जपानमध्ये दीडशेहून अधिक जणांना झाला. म्हणून फॉर्म भरला आहे का हे आजच विचारा, आणि भरला असेल तर पेढीला आत्ताच कळवून रद्द करा.

तालुका_फिजिशियन

फॉर्म भरलेला आहे, सुनेनं आत्ताच सांगितलं. पेढीला लगेच फोन करतो. अंत्यविधीला आंघोळ घालतात, दर्शनाला ठेवतात, ते चालेल का? मुलगा दिल्लीला आहे, तो अंत्यसंस्कार तिकडे करायचं म्हणतोय.

काचपट्टी_न्यूरोपॅथ

डोकं उघडलेलं नसेल तर आंघोळ, कुंकू, हार, चेहऱ्यावरून हात फिरवणं, सगळं चालतं. बेडसोअर पाझरत असतील तर त्यावर प्लास्टिकची पट्टी चिकटवून मग आंघोळ घाला. दहन चालतं, अस्थी गोळा करायला हरकत नाही. दिल्लीचं मात्र अवघड आहे. विमानानं न्यायला एम्बामिंगचा, म्हणजे मृतदेह टिकवायला आत रसायन भरल्याचा, दाखला मागतात आणि सीजेडीत एम्बामिंग टाळायचं असतं. मुलालाच इकडे यायला सांगा, आणि ते आत्ताच सांगा, म्हणजे आई नावानं ओळखते तोवर तो पोहोचेल.